चेतकचा लांब बोल्ट: गंज, तेल आणि वाफांच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

बाबांची बजाज चेतक आज छोट्या हत्तीवर, म्हणजे छोट्या टेम्पोवर चढवून बडोद्यातल्याच कारेलीबागेतून दांडिया बाजारात आणली, आमच्या वाड्याच्या चौकात. बाबांनंतर ती काकांकडे होती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी त्यांच्या पार्किंगमध्ये शिरलं आणि स्कूटर सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर काकांनी नळी मारून चिखल धुतला, फडक्याने पुसून ती भिंतीला टेकवली आणि ती तशीच राहिली. चौदा महिने.

इंजिन खाली उतरवायचं, उघडायचं, साफ करायचं, परत चढवायचं. घाई नाही. मला रविवार आणि एखादी संध्याकाळ मिळते.

आज एकाही नटाला पाना लावला नाही. वायर-ब्रश घेऊन फक्त उघडे आटे घासले. बोल्टच्या टोकाला जे आटे नटाबाहेर दिसतात तिथला गंज आधी काढला नाही, तर नट सुटला तरी त्याच गंजावर चढून पुन्हा अडकतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. नट आणि बोल्ट यांच्यातली फट मुळात कागदाएवढी. ती भरते आणि दोघं एकमेकांत आवळले जातात. मग आपण पान्याला लोंबकळतो तेव्हा जोर आट्यांपर्यंत पोचतच नाही, बोल्टच्या मानेवर येतो आणि मान मोडते.

सर्वांत जास्त धास्ती आहे ती इंजिन ज्यावर टांगलेलं असतं त्या लांब बोल्टची. तो चेसिसच्या एका बाजूने शिरतो, इंजिनच्या पुढच्या हातातल्या, म्हणजे पुढे आलेल्या दांड्यातल्या, दोन रबरी बुशांमधून (धक्के शोषणाऱ्या कड्यांमधून) जातो आणि पलीकडे निघतो. बुशांच्या आत पोलादी नळ्या असतात. पोलादात पोलाद, मध्ये पुराचं पाणी.

४ नोव्हेंबर

बॅटरी काढली. टाकीतलं पेट्रोल उघड्यावर, चौकाच्या मोकळ्या बाजूला, पत्र्याच्या डब्यात काढलं. खाली पाण्याचा थर, वर विटकरी रंगाचं, वार्निशसारखा वास येणारं पेट्रोल. टाकी उतरवून बाहेरच्या ओट्यावर झाकण उघडं ठेवून वाऱ्याला लावली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात पेट्रोल नाही पण पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही आहेत.

मग सगळ्या सांध्यांवर डब्ल्यूडी-४० मारलं. पुष्कळ लोक त्याला गंज सोडवणारं तेल समजतात. नावातले डब्ल्यू आणि डी 'पाणी हटवणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे, आणि चाळीस म्हणजे चाळिसावा प्रयत्न. १९५३ मध्ये सॅन डिएगोतल्या एका छोट्या कंपनीने ते क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून केलं होतं. त्याचं पहिलं काम पाणी बाजूला सारणं, आणि पुरातून आलेल्या गाडीसाठी पहिलं काम तेच आहे. खरं आत शिरणारं तेल वेगळं आणतेय.

९ नोव्हेंबर, रविवार

पेनिट्रेटिंग ऑइलचा डबा आला. हे तेल पाण्यासारखं पातळ असतं आणि पृष्ठताण कमी असल्यामुळे फटीत स्वतःहून ओढलं जातं, जशी वात दिव्यातलं तेल वर ओढते. त्यातला उडून जाणारा द्राव तेलाला आतपर्यंत नेतो आणि हवेत निघून जातो, मागे राहतं ते वंगण. म्हणून भरपूर मारण्यापेक्षा थोडं आणि पुन्हा पुन्हा मारणं जास्त कामाचं. पहिला थर सुकला की दुसरा. नटावर मारलेलं बहुतेक खाली गळतं. जिथे नट पत्र्याला टेकतो त्या रेघेवर आणि आट्यांच्या उघड्या टोकावर थेंब सोडायचा.

चाकाचे नट: तेल, अर्धा तास, हातोडीने बाजूबाजूने टकटक, पुन्हा तेल. टकटक हवीच. तिने गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते. तेरा मिलिमीटरचा सहा कोनांचा सॉकेट लावला. बारा कोनांचा रिंग पाना गंजलेल्या नटाची फक्त टोकं धरतो आणि नट गोल करून सोडतो. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग उलट, मग पुन्हा आवळून. चार नट असे सुटले.

पाचव्याला मी घाई केली. अंधार पडत होता, म्हणून पान्याला पाइप चढवला. नट फिरल्यासारखा वाटला, हात हलका झाला, मला आनंद झाला, आणि स्टड, म्हणजे चाकाच्या ड्रममधून बाहेर आलेला आटेदार दांडा, तुटून नटासकट हातात आला. तुटण्याआधीही तसाच हलका होतो हात. नट सुटताना 'कट्' असा कोरडा आवाज येतो. तुटताना आवाजाऐवजी एक मऊपणा येतो, गुळाचा पाक ओढल्यासारखा. तो मऊपणा जाणवला त्या क्षणी थांबायला हवं होतं.

पलीकडच्या गल्लीतले मिस्त्रीभाई बघायला आले होते. ते म्हणाले, "बेन, उतावळे आंबा न पाके." घाईने आंबे पिकत नाहीत. ड्रम त्यांच्याकडे दिला, तुटका स्टड ते ड्रिल करून काढतील.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजची नोंद सविस्तर लिहिते, कारण आज जे झालं ते व्हायला नको होतं.

लांब बोल्टला आठवडाभर तेल दिलं, ढिम्म. ॲसिटोन आणि गिअरबॉक्सचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन तेल निम्मं निम्मं मिसळून वापरावं असं पुष्कळ जण सांगतात. मी कॉलेजच्या रसायनशाळेत बावीस वर्षं काम करते, ॲसिटोन माझ्या रोजच्या हाताखालचं. काचेच्या बरणीत दोन्ही घालून हलवलं. लालसर गढूळ झालं आणि थोड्या वेळाने पुन्हा दोन थर पडले. दोन्ही नीट एकजीव होत नाहीत, दर वेळी हलवूनच थेंब सोडावा लागतो. बाटलीत भरून ठेवण्यासारखं हे मिश्रण नाही. काम मात्र करतं: ॲसिटोन इतका पातळ की तेलाला ओढून आत नेतो.

चूक अशी झाली. मिश्रण मी स्टीलच्या उघड्या वाटीत ओतलं, वाटी स्कूटरच्या बाजूला फरशीवर ठेवली आणि ब्रशने बोल्टच्या दोन्ही टोकांना लावत बसले. संध्याकाळ झाली होती. आत्या नेहमीप्रमाणे तुळशीपाशी दिवा लावायला आल्या. वृंदावन स्कूटरपासून जेमतेम आठ पावलांवर. काडी ओढल्याचा आवाज ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला.

"आत्या, थांबा! विझवा ती!"

त्यांनी काडी फुंकली. काही झालं नाही. पण होऊ शकलं असतं.

ॲसिटोनचा ज्वलनबिंदू उणे वीस अंश सेल्सियसच्या आसपास आहे. म्हणजे बडोद्याच्या कुठल्याही ऋतूत, कुठल्याही वेळी, उघड्या वाटीवर पेटण्याजोगी वाफ असतेच. ती वाफ हवेच्या दुप्पट जड. ती वर जाऊन विरून जात नाही. पाण्यासारखी फरशीवर पसरते, उताराने जाते, मोरीकडे, उंबऱ्याखालून आत. हवेत अडीच टक्के ॲसिटोन झालं की ठिणगी पुरते, आणि ज्वाला वाफेच्या वाटेने उलटी वाटीपर्यंत येते. आमच्या चौकाला तीन बाजूंनी भिंती आहेत, वारा आत फिरतच नाही. आणि तुळशीचा दिवा जमिनीपासून दोन हातांवर. प्रयोगशाळेत मी मुलांना हेच शिकवते, बर्नर चालू असताना ॲसिटोनची बाटली उघडू देत नाही. घरी आल्यावर तेच डोकं मी फाटकाबाहेर ठेवून आले.

आजपासून नियम. द्रावकांचं काम फक्त सकाळी, बाहेरच्या ओट्यावर, फाटक उघडं ठेवून. वाटी नाही, अरुंद तोंडाची बाटली आणि ड्रॉपर. मोरीतला गॅस गिझर, देवघरातली समई, उदबत्ती, सगळं काम सुरू करण्याआधीच विझवलेलं; मिक्सर आणि चौकातल्या दिव्याचं बटण काम चालू असेपर्यंत तसंच ठेवायचं, चालू करायचं नाही आणि बंदही नाही. बटण दाबतानाही ठिणगी पडते. आत्यांना मी हे समजावून सांगितलं आणि त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मग मी तुळशीची पूजा सकाळी तुझ्याआधी करीन." मी म्हटलं, नको. तुमची वेळ बदलायची नाही, माझी बदलायची.

१९ नोव्हेंबर

संध्याकाळी फक्त कोरडं काम. स्पार्क प्लग पहिल्याच झटक्यात सुटला. फ्लायव्हीलच्या झाकणाचे स्क्रूसुद्धा. आट्यांवर जुन्या ग्रीसचा मधासारखा घट्ट थर होता, आणि त्याखाली लोखंड चकचकीत. हे बाबांनी बसवलेले. ते कुठलाही स्क्रू ग्रीसच्या डबीत बुडवल्याशिवाय लावत नसत. जे बाहेर गॅरेजमध्ये कोरडे बसवले गेले ते सगळे जाम आहेत. नट सोडवता सोडवता कुठला हात कुणाचा ते कळत जातं.

प्लगच्या भोकातून दोन चमचे टू-स्ट्रोक तेल सोडलं. पिस्टन अडकलेला आहे. किक मारून बघायची नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सायलेन्सरचा बोल्ट. हा इंजिनच्या ॲल्युमिनियममध्ये आटे धरून बसतो, त्यामुळे इथे तांबडा गंज कमी आणि पांढरी भुकटी जास्त. पोलाद आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची ही भुकटी सिमेंटसारखी बसते. इथे तेलापेक्षा उष्णता बरी. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणजे भोक बोल्टपेक्षा जास्त मोठं होतं.

मिस्त्रीभाई गॅस टॉर्च घेऊन आले. तापवण्याआधी बोल्टभोवतीचा तेलकट चिखल उडवायला त्यांनी ब्रेक क्लीनरचा डबा काढला आणि फवारा मारला. मी डबा हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली: टेट्राक्लोरोइथिलीन. टॉर्च पेटवायच्या बेतात होते, त्यांचा हात धरला.

हा द्रावक पेटत नाही, म्हणून लोकांना तो पेट्रोलपेक्षा निर्धोक वाटतो. पण त्यात क्लोरीन आहे. ज्वालेत किंवा लालबुंद धातूवर त्याची वाफ पडली की हायड्रोजन क्लोराइड तयार होतो आणि थोडा फॉस्जीनही. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडलेला विषारी वायू. त्याचा त्रास लगेच कळतोच असं नाही. माणूस घरी जातो, जेवतो, आणि काही तासांनी छातीत पाणी भरू लागतं. वेल्डिंग करणाऱ्यांनी तर हा डबा कामाच्या जागेपासून लांबच ठेवावा.

मिस्त्रीभाईंना राग येईल असं वाटलं होतं. ते बराच वेळ डबा फिरवून फिरवून बघत राहिले. म्हणाले, "वीस वर्षांपासून मारतोय. डब्यावर लिहिलेलं कोणी वाचून दाखवलं नाही." मग त्यांनी त्यांच्या दुकानातल्या पोराला फोन करून सांगितलं की टॉर्च आणि हा डबा एका फळीवर ठेवू नकोस. आज तापवलं नाही. बोल्ट पुसला, उघड्यावर सोडला.

सगळ्याच ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीन नसतं. काहींत ॲसिटोन, हेप्टेन वगैरे असतात. ते फॉस्जीन करत नाहीत पण पेटतात. डबा वाचल्याशिवाय कुठला ते कळायचा मार्ग नाही.

२६ नोव्हेंबर

साबणाच्या पाण्याने धुतलेला भाग तीन दिवस वाळला. सकाळी हीट गन लावली, ज्वाला नाही. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, त्यामुळे टॉर्चने किती तापलं ते डोळ्यांना कळत नाही आणि इंजिनचा तो भागच वितळून खाली येऊ शकतो. पाण्याचा थेंब टाकला, तो नाचून उडून गेला, तेवढ्यावर थांबले. पाना लावला. कट्.

तो आवाज किती गोड असतो ते ज्याने ऐकलाय त्यालाच माहीत.

३० नोव्हेंबर, रविवार

आता फक्त लांब बोल्ट. त्याचा नट पंधरा दिवसांपूर्वीच सुटला होता, बोल्ट मात्र नळ्यांना धरून आहे. आज डोक्याला पाना लावून जोर दिला तर चक्क फिरला! पाच-सात अंश. पाना सोडला, तर आपोआप मागे आला. पुन्हा फिरवला, पुन्हा मागे.

काका म्हणाले, "सुटला की गं." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण सुटलेला बोल्ट मागे कशाला येईल? बोल्ट आतल्या पोलादी नळीला चिकटून तिलाच घेऊन फिरतोय, आणि नळीभोवतीचं रबर पिळून स्प्रिंगसारखं परत ढकलतंय. बोल्ट जराही सुटलेला नाही. अजून जोर लावला तर रबर फाटेल आणि नळी बोल्टबरोबर गरगर फिरत राहील, मग तर धरायलाच काही नाही.

टॉर्चही नको. दहा मिलिमीटरच्या बोल्टभोवतीचं पोलाद तीनशे अंशांनी तापवलं तर भोक जेमतेम ०.०३६ मिलिमीटरने वाढतं, केसाच्या निम्मं. एरवी नट सोडवायला तेवढंही पुरतं. पण इथे मध्ये रबर आहे. ते जळेल, आणि आत महिनाभराचं तेल मुरलंय.

७ डिसेंबर

तेल. टकटक. तेल.

१४ डिसेंबर, रविवार

स्कूटर आज जुन्या गाद्यांवर आडवी केली. टाकी आणि बॅटरी आधीच काढलेली आहे, म्हणूनच हे करता आलं. आतापर्यंत तेल टोकाला लावत होते आणि ते बाहेरूनच ओघळत होतं. आता बोल्ट उभा झाला, वरच्या टोकाशी मळलेल्या कणकेचं आळं केलं, आणि चेसिस व नळी यांच्यामधल्या फटीत सुई लावलेल्या सिरिंजने थेंब थेंब सोडलं. कणीक ही आत्यांची कल्पना. मी मोल्डिंगची माती शोधत होते, त्या म्हणाल्या कणकेने तेल धरेल, करंजीला धरते तसं. धरलं.

सिरिंजमध्ये ॲसिटोनचं मिश्रण भरलं नाही, तिचं रबर फुगून अडकतं. साधं पेनिट्रेटिंग ऑइल. स्कूटरची बुशं या तेलाने खराब होणारच, ती तशीही नवी बसवायची ठरली आहेत.

दोन दिवस या कुशीवर, दोन दिवस त्या कुशीवर.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी नट पुन्हा बोल्टच्या टोकावर चढवला, टोकाच्या पातळीपर्यंत, म्हणजे ठोकताना आटे दबणार नाहीत. त्यावर पितळेचा दांडा धरला. पितळ मऊ, ते स्वतः चेपतं, बोल्टला फुलवत नाही. काकांनी पाना धरून हलकेच पुढे-मागे फिरवत राहायचं, मी ठोकायचं. मोठे घाव नाहीत. वीस ठोके, थांबायचं, तेल, पुन्हा वीस.

अकराच्या सुमाराला काका एकदम थांबले. "मागे नाही आला."

मी हातोडी खाली ठेवून स्वतः पाना धरला. फिरवला. जिथे सोडला तिथेच राहिला. फटीतून चहाच्या चोथ्यासारखं तांबूस-काळं तेल बाहेर आलं. तो रंग म्हणजे आतला गंज निघाला. पुढचा तासभर तेल घालून फक्त फिरवत राहिलो, बाहेर काढायची घाई केली नाही. मग ठोकत ठोकत एकेक सूत सरकला. दीड वाजता पूर्ण बाहेर. दोन्ही टोकांना खड्डे पडलेले, मधला वीतभर भाग मात्र स्वच्छ. पाणी मध्यापर्यंत पोचलंच नव्हतं, नुसती दोन टोकं इतके दिवस धरून बसली होती.

जेवताना काका एक शब्द बोलले नाहीत. हात धुताना म्हणाले, "दादा असता तर त्याने आज श्रीखंड आणलं असतं." संध्याकाळी ते स्वतः जाऊन घेऊन आले.

२८ डिसेंबर, रविवार

इंजिन उतरलं. पिस्टनही टू-स्ट्रोक तेलाने मोकळा झाला, लाकडाच्या ठोकळ्यावर एक हलका ठोका पुरला. आज सुटे भाग धुणं.

धुण्यासाठी रॉकेल, पेट्रोल नाही. रॉकेल तीन दुकानं फिरून मिळालं. पुष्कळ गॅरेजांत उघड्या घमेल्यात पेट्रोल घेऊन ब्रशने भाग धुतात. पेट्रोलचा ज्वलनबिंदू उणे चाळिसाच्याही खाली, रॉकेलचा पस्तीस अंशांच्या वर. आपल्याकडच्या कायद्यातही ज्वलनबिंदू तेविसाच्या खालचं ते 'अ' वर्गात, तेवीस ते पासष्टमधलं 'ब' वर्गात. डिसेंबरच्या सकाळी या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मे महिन्यात बडोद्याच्या बेचाळीस अंशांत रॉकेलवरही तेवढा विश्वास टाकू नये.

हातमोजे नायट्राइलचे. तेल आणि रॉकेलला ते चांगले, ॲसिटोन मात्र काही मिनिटांत त्यांच्यातून पार होतो. ॲसिटोनला ब्युटाइल रबराचे लागतात. तोंडाला बांधायचा कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. डोकं जड व्हायला लागलं की काम सोडून बाहेर जायचं, हाच खरा इशारा. ब्रेक शूवरची धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

भाचा सुट्टीला आलाय, सात वर्षांचा. त्यामुळे रॉकेल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत अजिबात ठेवलेलं नाही. मूळ डबा, त्यावर मोठ्या अक्षरांत नाव, डबा कुलपात. रॉकेल पोटात गेलं तर उलटी करवायची नसते, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरतं आणि खरा घात तिथे होतो, थेट दवाखाना. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवलं.

तेलकट चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून. लाकडी फूटबोर्डला जवसाचं तेल लावलेली चिंधी मात्र वेगळी, दोरीवर पसरून वाळत घातली. जवसाचं तेल वाळताना स्वतः तापतं, आणि चुरगाळून कोपऱ्यात टाकलेली चिंधी काडीशिवाय पेटते.

वापरलेलं रॉकेल बरणीत उभं ठेवलंय. गाळ खाली बसला की वरचं पुन्हा वापरायचं. गाळ, जुनं पेट्रोल आणि काळं तेल मोरीत नाही. मिस्त्रीभाईंकडे जळक्या तेलाचं पिंप आहे, ते नेणारा परवानाधारक येतो, त्यांनी घ्यायचं कबूल केलंय. पेट्रोल वेगळ्या डब्यात. आमची मोरी शेवटी विश्वामित्रीलाच मिळते. त्या नदीत मगरी आहेत, कासवं आहेत, आणि ती एकदा आमच्या दारी येऊन गेली आहे.

११ जानेवारी २०२६, रविवार

नवी बुशं बसली. नवा बोल्ट आणलाय. नळ्यांच्या आत ब्रशने तांब्याचं अँटी-सीझ (जाम होऊ न देणारं) ग्रीस, बोल्टला पूर्ण लांबीभर ग्रीस, आट्यांनाही. ग्रीस लावलेल्या आट्यांवर तोच जोर बोल्टला जास्त ताणतो, म्हणून आवळताना हात आखडता घेतला.

इंजिन जॅकवर उचलून भोकाला भोक मिळवलं. काकांनी बोल्ट टोकाला धरला आणि अंगठ्याने ढकलला. हातोडी लागली नाही. पलीकडे बाहेर आला तेव्हा भाच्याने आधीच वॉशर धरून ठेवला होता.

वर गच्चीवर उत्तरायणाच्या मांज्याची तयारी चालू आहे. क्लच आणि गिअरच्या केबली मंगळवारी घेईन, कार्ब्युरेटर अजून उघडायचाय. जुना बोल्ट बाबांच्या पान्यांच्या पिशवीत ठेवला.